पडल्या, असं सांगतात

आई हसली. एवढंच झालं. रविवारची सकाळ होती, ती पलंगावर मोज्यांचा ढीग पसरून जोड्या लावत होती (माझे मोजे धुवायला जोडीने जातात आणि परत एकेकटे येतात, हे आमच्या घरातलं न सुटलेलं कोडं आहे), आणि मी स्टुलावर उभी राहून मानपत्राची तालीम करत होते. स्टुलाची तशी गरज नव्हती, पण मला हल्ली उंचावरून बोलायला आवडतं. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज घशातच बसकण मारायचा. मग आंतरशालेय फुटबॉल सामन्यांत मी सात गोल मारले, मला कॅप्टन केलं, आणि तेव्हापासून जो आवाज बाहेर पडलाय तो परत आत जायला तयार नाही. तर शाळेच्या नव्या मैदानाच्या उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल मी हात जरा पसरून वाचत होते, "ज्यांना पाडण्याचे हजार प्रयत्न झाले, पण जे कधी पडले नाहीत, असे हे खेळाडू म्हणून मोठे आणि माणूस म्हणून त्याहून मोठे..." आणि आई हसली. मोठ्यांदा नाही, नाकातून हवा सुटावी तेवढंच. हातातला मोजा तिने उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "पुढे वाच." "का हसलीस?" "कुठे हसले?" "आत्ता. मी ऐकलं." "मोज्याला भोक पडलंय, ते बघून हसले." मी खाली उतरून मोजा हातात घेतला, आत हात घालून पाचही बोटं ताणून पाहिला. भोक नव्हतं.

पाहुणा म्हणजे उभ्या. पत्रिकेवर त्याचं नाव पुरस्कारांच्या शेपटीसकट छापलंय, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतः तरी मागे वळेल का, शंकाच आहे. चाळीस हजार माणसं स्टेडियममध्ये 'उभ्या, उभ्या' असंच ओरडायची, कारण तो पडत नसे. बाकीचे खेळाडू वारा लागला तरी आडवे होतात, घोटा धरून लोळतात आणि एका डोळ्याने पंचांकडे बघत राहतात. ह्याचा शर्ट ओढा, पोटरीवर बूट हाणा, खांद्याने रेटा, तो फक्त झुकायचा. इतका झुकायचा की डाव्या हाताची बोटं गवताला लागायची, आणि त्या झुकण्यातूनच एक वळण काढून तो पलीकडे निघून जायचा, मागे दोन बचावपटू एकमेकांवर आपटलेले. त्या फायनलचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, उगाच माझ्या मार्कांचा विषय निघेल. एकोणनव्वदावं मिनिट, तिघं जण अंगावर, आणि समालोचकाचा आवाज फाटतो, "पडला... पडला... नाही! पडला नाही!" त्या शेवटच्या 'नाही'ला माझ्या हातांवर काटा येतो. यायचा, असं लिहायला हवं होतं. पण अजूनही येतो, आणि हीच तर सगळी पंचाईत आहे.

त्यातून मला त्याने स्वतः शिकवलंय. ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट, घरी कोणी आलं की बाबा त्यांना पाणी द्यायच्या आधी ती सांगतात. मी सहा वर्षांची होते. आई मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढते, तेव्हाही काढायची, आणि शाळा सुटली की मला तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून ठेवायची. दारावरचा लाल दिवा लागला की आत यायचं नाही, हा नियम. माझं वाचन तिथेच सुरू झालं, आईच्या जुन्या रजिस्टरांवर. 'दुखापतीचं कारण' हा रकाना मला फार आवडायचा, कारण तो सोपा होता. पडला. पडली. पडल्या. पडले. एकाखाली एक, पानंच्या पानं. शाळेत व्याकरण शिकवायच्या आधीच मला ते येत होतं. तर एके दुपारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या येऊन बसला. मी त्याला ओळखलं, कारण बाबांच्या कपाटाच्या दारावर तो चिकटवलेला होता. मी प्लास्टरच्या बँडेजच्या गुंडाळीला लाथा मारत बसले होते. तो म्हणाला, "चेंडूकडे काय बघतेस? तो कुठे पळून चाललाय? समोरच्याच्या कमरेकडे बघ. पाय थापा मारतात, कमरेला थापा येत नाहीत." आणि त्या कॉरिडॉरमध्ये, फिनेलच्या वासात, त्याने मला ते वळण शिकवलं. डावा खांदा खाली टाक, अजून खाली, आता वाटतंय ना पडणार, आता पडूच नको. मी तीनदा आपटले. चौथ्यांदा पलीकडे गेले आणि तो टाळ्या वाजवत म्हणाला, "वा गं वाघिणी!" बाबांच्या गोष्टीत तो आजारी मुलांना भेटायला इस्पितळात आला होता. मी मानपत्रात तसंच लिहिलं, 'रुग्णालयातील बालकांमध्ये रमणारे.' आमच्या मराठीच्या बाईंनी (त्या अनुस्वारावरून माणसाची पारख करतात, म्हणून अनुस्वारबाई) समासात 'हृद्य!' असा शेरा मारला होता. त्याच ओळीच्या आधाराने तर पुढे 'माणूस म्हणून त्याहून मोठे' येत होतं.

पण एक्स-रेच्या खोलीबाहेर कुठली आजारी मुलं? मुलांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे, हे मला तेव्हापासून माहीत आहे. भोक नसलेला मोजा हातात धरून मी विचार केला आणि मग माझ्या डोक्यात संशय जो शिरला तो चपला काढून ऐसपैस बसला. मी आईवर पाळत ठेवायला लागले. टीव्हीवर उभ्याची मुलाखत लागली की ती झाडांना पाणी घालायला उठते, हे मी आयुष्यभर पाहत आलेय. आमच्याकडे झाडं दोन, त्यातलं एक प्लास्टिकचं. मग मी स्वतःच्याच आठवणीवर पाळत ठेवली, ते जास्त अवघड निघालं, कारण ती आठवण मी इतक्यांदा सांगून सांगून गुळगुळीत केली होती की कुठेही बोट टेकवलं तरी घसरायचं. तरी मी टेकवत राहिले. शाळेत गणिताच्या तासाला, जिन्यात, दात घासताना. तो माझ्याशी खेळत होता तेव्हा दारावरचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे आत कोणीतरी होतं. तो दर थोड्या वेळाने दिव्याकडे बघत होता, आणि मला वाटत आलं होतं की तो मला पुढची युक्ती शिकवायचा विचार करतोय. मग दिवा विझला. दार उघडलं. एक बाई बाहेर आली, निळ्या स्कार्फमध्ये हात गळ्यात अडकवलेला, आणि मला म्हणाली, "छान खेळतेस गं." त्याने पटकन पुढे होऊन तिच्या खांद्यावरची पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली. बायकांची पर्स, एवढा मोठा खेळाडू! मी हेही सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

सोमवारी सरावाला मी ठरवून गेले की आज ते वळण घ्यायचंच नाही. माझ्याकडे दुसऱ्या युक्त्या आहेत, मी काही कोणाची कार्बन कॉपी नाही. पहिली दहा मिनिटं मी अशी खेळले की आमच्या कोचांनी, शिट्टीसरांनी विचारलं, बूट बदललेस का. मग उजवीकडून दोघी आल्या, एकीचा खांदा लागला, आणि मला काही कळायच्या आत माझा डावा खांदा आपोआप खाली गेला, बोटं गवताला लागली, गवत ओलं होतं, आणि मी पलीकडे होते, समोर फक्त गोल. गोल झाला. सगळ्या माझ्या अंगावर येऊन पडल्या आणि मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी मी तो खांदा पुसत होते. खांदा माझा होता की त्याचा? त्या कॉरिडॉरमधून मी नेमकं काय घरी घेऊन आले होते? आमची गोलकीपर, जिला आम्ही भिंत म्हणतो, ती बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत म्हणाली, "कॅप्टन, चेहरा असा का? गोल मी खाल्लाय, तू नाही." मी तिला नावगाव न घेता विचारलं, समज, एखादा माणूस खेळायला देव आहे आणि घरी राक्षस, तर? भिंत म्हणाली, "खेळ वेगळा, घर वेगळं. मला काय करायचंय त्याच्या घराशी?" मग बाटली मला देत म्हणाली, "कोण गं? शिट्टीसर?" मी नाही म्हटलं. "मग तुझे बाबा?" मी तिला बाटली फेकून मारली. पण ती एवढ्या पटकन पटकन माणसं सुचवत होती, हेही मला नंतर बराच वेळ टोचत राहिलं. म्हणजे तिच्याही डोक्यात यादी तयार होती. सगळ्यांच्याच असते की काय? बसमध्ये मी लोकांच्या हातांकडे बघायला लागले. पेपर धरलेले हात, दांडा धरलेले हात. सगळे नुसते हात. कुठल्याच हातावर काही लिहिलेलं नसतं.

अनुस्वारबाईंकडे जाऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, ते 'माणूस म्हणून त्याहून मोठे' काढलं तर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग मानपत्र कसलं ते? नुसतं प्रगतिपुस्तक होईल." "पण आपल्याला काय माहीत, ते माणूस म्हणून कसे आहेत?" "अगं, कळायला कशाला हवं? ते सगळ्यांनाच म्हणायचं असतं. मागे पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं, तेव्हा कंत्राटदाराला म्हटलं. मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांना म्हटलं. मी निवृत्त होईन तेव्हा तूच येऊन म्हणशील." "तुम्हाला म्हणेन, बाई. तुम्हाला खरंच म्हणेन." त्या खूश झाल्या आणि लगेच म्हणाल्या, "'त्याहून'वर अनुस्वार देऊ नकोस." मी बाहेर आले तर मला त्यांचासुद्धा संशय यायला लागला. इतकी वर्षं इतक्यांना म्हटलंय, त्यातल्या किती जणांची त्यांना माहिती होती?

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तडक इस्पितळात गेले. आता फिल्म धुवायची खोली गेली, सगळं संगणकावर दिसतं, पण बाक तोच आहे आणि लाल दिवाही. रांग संपेपर्यंत मी बसले. आईने शिशाचा एप्रन खुंटीला टांगला, खांदे दोन-तीनदा वर-खाली केले आणि म्हणाली, "आत ये. तू तीन दिवस माझ्याकडे चोरासारखी बघतेयस." मी विचारलं. सरळ नाव घेऊन विचारलं. ती म्हणाली, "पेशंटबद्दल मी बोलत नाही. तुला माहितेय." "मग कशाबद्दल बोलतेस?" "हाडांबद्दल बोलेन." तिने माझा डावा हात ओढून टेबलावर ठेवला, थंडगार पत्र्यावर, आणि त्यावर बोट फिरवत बोलायला लागली, जशी ती शिकाऊ मुलींशी बोलते. "तू पडलीस की काय करतेस? हात टेकवतेस. मग मोडलं तर इथे मोडतं, मनगटापाशी, अंगठ्याच्या बाजूला. रोज येतात असे चार. आता हात असा वर धर. डोक्यावर काही येतंय, ते अडवायला धरतात तसा. हां. आता बाहेरून काय आलं? करंगळीच्या बाजूचं हे हाड. मार लागला तर इथे, मधोमध मोडतं. जमिनीवर पडून इथे सहसा मोडत नाही गं. जमीन खाली असते." बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. मी हात वर धरलेलाच होता, कारण ती खाली घे म्हणाली नव्हती.

"आणि तू काय लिहिलंस?" मी विचारलं. आई रजिस्टरच्या कपाटाकडे बघत नव्हती, पण मला वाटलं, बघतेय. "पेशंट सांगेल ते लिहायचं असतं. मी फोटो काढते, न्यायनिवाडा करत नाही. त्या पडल्या म्हणाल्या." "मग तू 'पडल्या' लिहिलंस." "मी 'पडल्या, असं सांगतात' लिहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच दोन शब्द जास्तीचे लिहिले. डॉक्टर म्हणाले, बाई, रकाना केवढा, तुम्ही लिहिता केवढं. खोडायला लावले." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिचा प्रचंड राग आला. "तू खोडलेस!" "खोडले." "आणि मला बाहेर त्याच्याशी खेळू दिलंस! मी त्याच्याबरोबर हसत होते, आई. नऊ वर्षं मी सगळ्या जगाला सांगत फिरतेय!" तेव्हा तिने माझा वर धरलेला हात खाली घेतला आणि स्वतःच्या हातात ठेवला. "तू बाहेर होतीस म्हणून तर तो दाराशी चिकटून उभा नव्हता. आधी त्याला आतच यायचं होतं. तू त्याला गुंतवून ठेवलंस म्हणून मला पाच मिनिटं मिळाली. हात वळवते, दुसऱ्या बाजूने काढते, असं म्हणत मी वेळ काढला. दोनदा विचारलं त्यांना. खरंच पडलात का? दोन्ही वेळा पडले म्हणाल्या. बाहेरून तुझं हसू ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, किती छान शिकवतो ना तो."

मी रडले नाही. मला वाटलं होतं की रडेन. मी विचारलं, "दुसऱ्या बाजूने का काढतात?" कारण काहीतरी विचारायला हवं होतं. "एका बाजूने कधी कधी हाड अगदी सरळ दिसतं. नव्वद अंशात वळवून काढलं की कळतं, तुकडा सरकलाय. म्हणून दोन काढायचे आणि दोन्ही शेजारी लावून बघायचे." "मग खरा कुठला?" "दोन्ही एकाच हाताचे असतात," आई म्हणाली आणि दिवे मालवायला उठली. घरी चालत येताना मी तिला माझी युक्ती सांगितली. मला ती तिथेच, इस्पितळाच्या फाटकात सुचली होती आणि सुचल्यावर मी जवळजवळ उडीच मारली होती. वाक्य गाळायचंच नाही! पूर्ण वाचायचं. 'माणूस म्हणून त्याहून मोठे, असं सांगतात.' बस. तेच दोन शब्द. आई खोडणार नाही, डॉक्टर खोडणार नाहीत, माइकवर कोण खोडणार? कळायचं त्याला कळेल. मला वाटलं आई खूश होईल. तिने माझा हात धरून रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "गाळ, वाच, काय घालायचंय ते घाल. मी काही सांगणार नाही. फक्त एवढं बघ, कार्यक्रम संपला की ते दोघं एकाच गाडीतून घरी जातात."

शनिवारी सकाळी मैदानावर चुना इतका पांढरा मारला होता की डोळे मिटायला होत होतं. खुर्च्या, माइक, आणि माइकशी शिट्टीसर उगाचच 'हॅलो, हॅलो' करत. ते दोघं आले. पत्रिकेवर 'सपत्नीक' होतंच. उभ्या जाडसर झालाय, पण गवतावर पाय ठेवताच त्याची चाल बदलली, टाचा उचलल्या गेल्या, आणि माझं लबाड काळीज धावत पुढे गेलं. मी त्याला अडवू शकले नाही. ती शेजारी बसली, लांब बाह्यांचा पांढरा ड्रेस, केस पिकलेले, चेहरा हसरा. मी तिच्याकडे बघितलं की ती माझ्याकडे बघून हसायची, मग मी खाली बघायचे. ती मला ओळखते का? ओळखत असेल तर तिला काय हवंय? तिला ते दोन शब्द हवेत की नकोत? कोणी तिला विचारलंच नव्हतं. आईने विचारलं होतं, दोनदा. मी वाचायला लागले. माझा आवाज छान लागला होता, मला स्वतःलाच ऐकू येत होता, समोरच्या इमारतीवर आपटून परत येत होता. मी एकोणनव्वदावं मिनिट वाचलं, झुकणं वाचलं, गवताला लागणारी बोटं वाचली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी ते खोटं न करता वाचलं, आणि मला त्याचा आनंदसुद्धा झाला, हे मी लपवणार नाही. रुग्णालयातील बालकं मी आदल्या दिवशीच खोडली होती. मग आलं, "असे हे खेळाडू म्हणून मोठे आणि माणूस म्हणून..."

तिने तेव्हा खुर्चीत जरा जागा बदलली. एवढंच. डावं कोपर पोटाशी घेतलं आणि मान किंचित खाली घातली. पाऊस येईलसं वाटलं की आपण घालतो तशी. मग तशीच हसरी वर बघायला लागली, आणि तिची नजर माझ्यावर नव्हती, त्याच्यावर होती. त्याच्या चेहऱ्यावर. तो खूश आहे ना, हे ती बघत होती. माझ्या तोंडात दोन शब्द तयार होते. मला एकदम त्या गाडीचं दार दिसलं. बंद होणारं. आत कोणाला काय ऐकू जातं आणि कोण काय विचारतं, 'त्या पोरीला काय म्हणायचं होतं?' आणि त्याचं उत्तर कोणाला द्यावं लागतं. मी 'त्याहून' म्हणू शकले नाही. 'असं सांगतात'ही म्हणू शकले नाही. माइकमधून नुसता माझा श्वास बाहेर जात होता, सगळ्या मैदानावर. एक, दोन, तीन. आणि मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पोरीला भरून आलं, असं वाटलं त्यांना. उरलेलं वाक्य सगळ्यांना पाठच होतं. माझ्यावाचून त्यांनी ते पूर्ण करून टाकलं, आणि अनुस्वारबाई रुमालाने डोळे टिपत होत्या.

टाळ्या चालू असतानाच उभ्या खुर्चीतून उठला आणि माझ्याजवळ आला. जवळून त्याला आफ्टरशेव्हचा वास येत होता. मानपत्राची चौकट माझ्या हातातून घेताना त्याने दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला, डाव्याच. हात जड होता, ऊबदार होता. वाकून, माझ्या डोळ्यांत बघत, खरोखरच मायेने तो म्हणाला, "काय झालं गं? अडखळलीस?" त्याच्या मागे ती उभी राहिली होती, माझ्या उत्तराकडे कान लावून. मला बरंच काही बोलता आलं असतं. माझा आवाज हल्ली कधीच आत जात नाही.

"हो," मी म्हणाले. "अडखळले."